दादाच्या गोळ्या कोणी भरायच्या

सोमवार, १० मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. गुडघा सोडला तर मी मजेत आहे. तुमच्याकडची खुशाली दादाने काल फोनवर सांगितली, म्हणजे त्याच्या पद्धतीने सांगितली: हृदयाचं ऑपरेशन छान झालं, डॉक्टर हुशार आहेत, जेवण बेचव आहे आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस घोरतो. एवढ्यात आटोपला. तुमचं कसं चाललंय हे मी विचारलं तेव्हा म्हणाला, 'तिला काय झालंय, ती बरी आहे.' म्हणून तुम्हाला पत्र.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर मी काहीही सांगितलं की तुम्ही 'बरं' म्हणता आणि पुढचं माझ्या तोंडातच राहतं. पत्रात निदान मला माझं म्हणणं शेवटपर्यंत रेटता येतं.

तर मुद्द्याचं. दादा बावीस तारखेला, शनिवारी घरी येणार. बरोबर अकरा प्रकारच्या गोळ्या येणार. त्यातली एक रक्त पातळ करणारी आहे, ती कमी पडूनही चालत नाही आणि जास्त होऊनही चालत नाही. दादा म्हणाला, 'तुझी वहिनी गोळ्यांना हात लावणार नाही म्हणते. तूच ये आणि तूच बघ.' मी लगेच हो म्हटलं. महिन्याची रजा टाकली, तिकीट काढलं, सात कप्प्यांची नवी डबी घेतली. दर रविवारी आठवड्याच्या गोळ्या मी भरीन, तुम्ही फक्त डबी त्याच्यासमोर ठेवायची. तेही नको असेल तर मी ठेवीन.

चार वर्षांपूर्वी आप्पांच्या वेळचं अजून तुमच्या मनात आहे, हे मला माहीत आहे. आप्पांना एक गोळी जास्त गेली, ते आजारी पडले आणि बरेही झाले. नंतर माझ्याकडे दोन वर्षं चांगले राहिले आणि वय झालं म्हणून गेले. कोणी तुम्हाला काही म्हणत नाही आता. पण नातीला ताप आला की तुम्ही औषधाची बाटली घेऊन शेजारणीकडे जाता आणि तिच्याकडून चमचा भरून आणता, असं दादा हसत हसत सांगत होता. मला काही हसू आलं नाही. अहो, अकरा वर्षं तुम्ही आप्पांचं सगळं केलंत. विसरून जा आता ते.

माझ्याकडे नेहमीचंच. दादा मला अजून 'कंपाउंडर' म्हणतो आणि त्याच्या मते मी दिवसभर हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीतून खोकी बाहेर देते. त्याला म्हणावं, मी फार्मासिस्ट आहे, आता मी रोज सकाळी डॉक्टरांबरोबर वॉर्डात फिरते आणि त्यांना नकोशी होते. परवा एका नव्या डॉक्टरने एका आजींना इंजेक्शन लिहिलं. आजींची किडनी निम्म्याने काम करते, एवढा डोस त्यांना झेपला नसता. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं तर म्हणतो, 'मॅडम, पुस्तकात एवढाच डोस आहे.' म्हटलं, 'पुस्तकाची किडनी चांगली आहे रे, आजींची नाही.' आधी कानापर्यंत लाल झाला, मग हसला आणि डोस निम्मा केला. पोरगा गुणी आहे. आता प्रत्येक पेशंटला मला विचारून लिहितो, तीही एक डोकेदुखीच.

दादाला सांगा, खाटेवरून उठताना छातीशी उशी धरून उठ, हातावर जोर देऊ नकोस. तो ऐकणार नाही, तरी सांगा. दोन ओळी पाठवा.

तुमची,
सामान बांधायला घेतलेली नणंद


शुक्रवार, १४ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. दोन ओळी मागितल्या तर तुम्ही मोजून दोनच पाठवल्यात. 'या. गोळ्या तुम्हीच बघा, मला आता माझाच भरवसा नाही.' मी हे उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग कामाला गेले.

आज सुट्टी आहे. कपडे वाळत घातले, खिडक्या पुसल्या, तुमच्यासाठी घेतलेल्या शालीला टीप मारली. पत्र टाळायला जितकी कामं सापडली तितकी केली. आता दुपारचे तीन वाजलेत आणि घरात पुसण्यासारखं काही उरलेलं नाही.

बुधवारी वॉर्डात एक प्रसंग घडला, तो तुम्हाला सांगायचा आहे.

एक निवृत्त शिक्षक चक्कर येऊन पडले म्हणून दाखल झाले होते. रक्तातली साखर पार उतरलेली. सलाईनमधून साखर दिल्यावर तासाभरात ताळ्यावर आले. पण साखर का उतरली ते कळत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी मला बोलावलं. असं झालं की मी एकच गोष्ट करते: घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगते. सगळी म्हणजे सगळी. चालू, बंद केलेली, शेजाऱ्यांनी दिलेली, उशीखालची. ती पिशवी मी खाटेवर उपडी करते आणि एकेक पाकीट हातात घेऊन विचारते, ही कधी घेता, कोणी दिली, कशासाठी. कंटाळवाणं काम आहे. पण माणूस घरी खरं काय खातो ते केसपेपरवर नसतं, पिशवीत असतं.

शिक्षकांच्या पिशवीत साखरेच्या गोळ्यांची दोन पाकिटं निघाली. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, एकीचा रंग पांढरा आणि दुसरीचा हिरवा. आत औषध मात्र एकच. म्हणजे महिनाभर ते दुप्पट औषध घेत होते.

गोळ्या द्यायच्या त्यांच्या बायकोने. ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. थोरला मुलगा तिच्यावर तुटूनच पडला. 'आई, तुला साधं वाचता येत नाही का? जीव गेला असता त्यांचा!' सून म्हणाली, 'उद्यापासून गोळ्या मी बघते.' ती बाई एकदाच बोलली, तेही माझ्याकडे बघून. 'मी विचारलं होतं हो. खिडकीत विचारलं होतं. म्हणाले, लिहिलंय तसं द्या.'

मी त्यांचा महिन्यापूर्वीचा डिस्चार्जचा कागद काढून बघितला. आमच्याच हॉस्पिटलचा होता. हिरवी गोळी आमच्या डॉक्टरांनी लिहिली होती, घरी पांढरी चालू आहे हे न विचारता. आणि तो कागद आमच्या विभागाने तपासलेला. तपासणाऱ्याची सही माझ्या हाताखालच्या मुलीची होती. खिडकीतही तीच होती.

मी मुलाला म्हटलं, 'तुमच्या आईने आम्ही लिहून दिलं तेच दिलं, आणि शंका आली तेव्हा विचारलंसुद्धा. चूक आमची आहे.' वॉर्डात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं. ती बाई स्टुलावर बसली आणि रडायला लागली. मला वाटलं नवरा वाचला म्हणून रडतेय. तर म्हणाली, 'मला वाटलं माझंच डोकं फिरलं. विचारलं होतं हेसुद्धा मला भास वाटायला लागलं होतं.'

सिस्टर मला म्हणाली, 'मॅडम, तुम्ही होतात म्हणून. नाहीतर आपलं खापर कोण आपल्या डोक्यावर फोडून घेतं?' त्यावर सगळ्यांनी माझं कौतुक केलं. चहा पाजला. मला तो चहा जाईना.

वहिनी, मला तुम्हाला आणखी काही लिहायचं आहे. पण टपालाची वेळ झाली, एवढंच टाकते.

तुमची,
नणंद


सोमवार, १७ मार्च

वहिनी,

टपालाची वेळ झाली नव्हती. पेटी पाचला उघडतात आणि तेव्हा साडेतीन वाजले होते. सुरुवात तिथूनच करते, कारण छोटं खोटं कबूल केलं की मोठ्याला हात घालायला धीर येतो.

आप्पांच्या सांधेदुखीची ती बारीक पिवळी गोळी आठवड्यातून एकदाच द्यायची होती, सोमवारी. तुम्ही ती तीन वर्षं बरोबर दिलीत, एक सोमवार न चुकता. तुमच्या स्वयंपाकघरात कपाटाच्या दारावर मी लिहिलेला तक्ता चिकटवलेला होता: गोळीचं नाव, सकाळ, दुपार, रात्र. पिवळी गोळी त्या रांगांमध्ये नव्हतीच. तिच्यासाठी मी खाली लाल चौकट आखली होती आणि आत लिहिलं होतं, 'फक्त सोमवारी'.

मग आप्पांची रक्तदाबाची गोळी बदलली आणि मी नवा तक्ता लिहून दिला. परतीच्या गाडीला वीस मिनिटं उरली होती. लाल पेन सापडलं नाही. म्हणून पिवळी गोळी मी बाकीच्यांबरोबर रांगेत लिहिली, सकाळच्या खाली खूण केली आणि ठरवलं, 'फक्त सोमवारी' शेवटी लिहू. तेवढ्यात दादाने खालून हाक मारली. मी तक्ता दारावर चिकटवला आणि निघाले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी अकराला तुमचा फोन आला होता. तुम्हाला कदाचित आता तो फोनही खरा वाटत नसेल. तो खरा आहे, वहिनी. मी खिडकीत होते, समोर रांग होती. तुम्ही विचारलंत, 'वन्सं, ही पिवळी गोळी आता रोज द्यायची का?' आणि मी म्हटलं, 'कागदावर आहे तसं द्या ना वहिनी, मी गर्दीत आहे.' तुम्ही 'बरं' म्हणालात. तुम्ही ती रोज दिलीत, कारण मी ती रोज लिहिली होती.

तेरा दिवसांनी आप्पांच्या तोंडात फोड आले, ताप चढला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या. मी गाडीने आले. दादाने मला त्यांचे कपडे आणायला तुमच्या घरी पाठवलं. किल्ली तुम्हीच दिलीत. मी स्वयंपाकघरात गेले, तक्ता वाचला: 'फक्त सोमवारी' लिहायचं राहूनच गेलं होतं. मग मी तो काढला. चिकटपट्टीचे तुकडेसुद्धा नखाने खरवडून काढले. घडी करून पर्समध्ये टाकला आणि आप्पांचे कपडे घेऊन परत आले.

पुढचं तुम्हाला पाठ असेल, पण माझ्या बाजूने ऐका. आयसीयूच्या बाहेर दादा तुमच्यावर ओरडत होता. 'आठवड्याची गोळी रोज देतेस? आंधळी आहेस का?' आत्या होती, दोन सिस्टर होत्या, बाकावर अनोळखी माणसं होती. तुम्ही माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, 'पण वन्सं, कागदावर तसंच...' आणि मी म्हटलं, 'कुठला कागद, वहिनी?'

तेव्हा पर्स माझ्या खांद्याला होती.

तुम्ही घरी जाऊन बघितलंत. दार कोरं होतं. परत आलात तेव्हा तुमचा चेहरा बदललेला होता. तुम्ही माझ्यावर संशय घेतला नाहीत, स्वतःवर घेतलात. आणि मी दादाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, 'असू दे रे दादा, माणूस आहे, चुकतं.' आत्या अजून सांगते, नणंद असावी तर अशी. मोठ्या मनाची.

मी घाबरले होते. नोकरी जाईल, लोक हसतील, स्वतःच्या बापाच्या गोळ्या धड लिहिता येत नाहीत आणि वॉर्डात डॉक्टरांच्या चुका काढते, हे सगळं डोक्यात आलं. पण भीती फार तर आठवडाभराची. आप्पा तीन आठवड्यांत बरे झाले. त्यानंतरची चार वर्षं मी भीतीने गप्प नव्हते. सोयीचं होतं म्हणून गप्प होते, आणि त्याची मला लाज वाटते.

आप्पांना मी माझ्याकडे नेलं तेही तसंच. सगळे म्हणाले, लेक फार्मासिस्ट आहे, तिच्याकडे सुरक्षित राहतील. त्यांना यायचं नव्हतं. दोन वर्षं जेवायला बसले की विचारायचे, 'सूनबाई कधी येणार? मला घरी कधी नेणार?' मी सांगायचे, 'वहिनींना आता झेपत नाही, आप्पा.' मग ते निमूट जेवायचे. हे मी तुमच्याकडून घेतलं आणि त्यांच्याकडूनही. ते परत द्यायला आता आप्पाच नाहीत.

आणखी एक ऐका म्हणजे माझा हिशोब पुरता होईल. त्यानंतर मी हॉस्पिटलमध्ये नियम केला: आठवड्याची गोळी कधीही रोजच्या रांगेत लिहायची नाही, वेगळी चौकट, वाराचं नाव, आणि घरच्या माणसाकडून तोंडाने वदवून घ्यायचं. मोठ्या साहेबांनी सभेत माझा सत्कार केला. सगळे त्याला 'बाईंचा नियम' म्हणतात. मी तो कुठे शिकले हे कोणी विचारलं नाही.

दादाला मी काल सांगितलं. त्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय, त्याला धक्का नको, हे छान कारण मला सापडलं होतं. म्हणून त्याच्या डॉक्टरांनाच फोन केला. ते म्हणाले, 'भांडू नका म्हणजे झालं. खरं सांगायला माझी हरकत नाही.' तेही कारण गेलं. मग दादाला सांगितलं. त्याने फोन ठेवला. तासाभराने त्यानेच केला. म्हणाला, 'तिने तुला फोन करून विचारलं होतं, हे ती मला कधीच बोलली नाही.' मी म्हटलं, 'तू तिला बोलू दिलंस का?' त्यावर त्याला रडू आलं. छातीशी उशी धर म्हटलं, टाके दुखतील.

आता शनिवारचं. मी डबी भरणार नाही. गोळ्या तुम्ही भरायच्या आहेत. मी उपकार म्हणून सांगत नाही. तीस वर्षं मी हे काम करते आणि घरोघरच्या गोळ्या भरणारी माणसं बघते. तुमच्याइतकी चोख मी पाहिलेली नाही. कागदात काही बदललं तर ते तुमच्या एका दिवसात लक्षात आलं. मला, लिहिणारीला, तेरा दिवस आलं नाही.

डिस्चार्जच्या वेळी तिथल्या फार्मासिस्टला खाटेपाशी बोलवा. असतो प्रत्येक ठिकाणी कोणीतरी, खिडकीत बसलेला असला तरी बोलवा. घरातली जुनी औषधं पिशवीत घालून न्या आणि त्याच्यासमोर उपडी करा. अकराच्या अकरा गोळ्या एकेक हातात घेऊन विचारा, कशाची, कधी, किती दिवस, चुकली तर काय करायचं. मग तुम्ही त्याला सांगून दाखवा. रक्त पातळ करणारीची रक्ततपासणी कधी, ते लिहून घ्या. आणि शंका आली तर विचारा. घाईचं उत्तर मिळालं तर पुन्हा विचारा. समोर रांग असली तर असू दे, रांग थांबते.

सोबत तो तक्ता पाठवते आहे. माझ्या औषधांच्या जाड पुस्तकात ठेवला होता. अक्षर माझं आहे, तारीख आहे, पिवळ्या गोळीच्या पुढे सकाळची खूण आहे. चिकटपट्टीचा डागही आहे कोपऱ्यात. तो तुमचा आहे. फाडा, ठेवा, फ्रेम करून लावा.

हे पत्र एकट्याने वाचून कपाटात ठेवू नका. मी तुम्हाला ओळखते, तुम्ही तेच कराल, मला सांभाळून घ्याल. तसं करू नका. त्या दिवशी जे झालं ते सगळ्यांसमोर आणि मोठ्या आवाजात झालं. हेही तसंच होऊ दे. दादासमोर वाचा. मुलाला, सुनेला बसवून वाचा. आत्याला ऐकू कमी येतं, तिच्या कानाशी वाचा, आणि ती मध्येच 'काय म्हणालीस?' म्हणाली तर ती ओळ पुन्हा वाचा.

मला तुमची माफी मागायची आहे. पण ती पत्रातून मागणं मला फार स्वस्तात सुटण्यासारखं वाटतं. तिकीट शुक्रवारचं आहे, रद्द केलेलं नाही. तुमचा निरोप आल्याशिवाय गाडीत बसणार नाही. 'या' म्हणालात तर येईन आणि समोर बसून मागेन. नको म्हणालात तर ते तुमच्या हक्काचं आहे, त्यावर मी कोणाकडे तक्रार करणार नाही.

तुमची नजर ठीक होती. तुमचं डोकं ठीक होतं. तुम्ही बरोबर वाचलंत आणि बरोबर विचारलंत.

जिने 'कुठला कागद?' असं विचारलं ती,
तुमची नणंद